लाल धुळीतला पिनियन

दागिन्याला शेवटची झळाळी आणायची असली की सोनार एक लाल भुकटी वापरतो. दुर्बिणीची भिंगं घासणारेही तीच वापरत आले. बाजारात तिचं नाव रूज. मुळात ते लोहाचं ऑक्साइड, म्हणजे खाणवाल्यांचं हेमॅटाइट. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात ही भुकटी कुणाला विकत आणावी लागली नाही. शिरगाव, मये, साखळी, पाळी, वेळगे या गावांच्या रस्त्यांवर ती वर्षानुवर्षं पडत राहिली. पावसाळ्यात तिचा चिखल झाला, दिवाळीनंतर पुन्हा धूळ. याच रस्त्यांवरून धावणाऱ्या जुन्या जीपगाड्यांच्या पोटाखाली ती फिरत्या पोलादापर्यंत पोचली आणि तिथेही तिने घासायचंच काम केलं. उत्तर गोव्यातल्या गॅरेजांचा इतिहास या घासण्यापासून सुरू करावा लागतो.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांबचा पल्ला कापावा लागतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक चाक फरफटत जाणार. ओनेसिफोर पेकेर या फ्रेंच यंत्रज्ञाने यावर तोडगा काढला आणि १८२० च्या दशकाच्या शेवटी वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. आजही काम तेच चालतं. इंजिनाची ताकद प्रॉपेलर शाफ्टमधून पिनियनपर्यंत येते, पिनियन क्राऊन व्हीलला फिरवतो आणि क्राऊनच्या पोटातले छोटे गिअर ती ताकद दोन चाकांना वाटून देतात. हा सगळा संसार एका लोखंडी हाऊसिंगमध्ये, सव्वा लिटरच्या आसपास नव्वद नंबरच्या ऑईलमध्ये चालतो. त्या ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो. हाताला लागलं की साबणाने धुतलं तरी संध्याकाळपर्यंत जात नाही.

सीजे-३बी या जीपच्या पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ४३. म्हणजे चाकाची एक फेरी होते तेव्हा पिनियनच्या सव्वापाचांहून जास्त होतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जीप चालली असेल तर पिनियन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेत असतो. त्याच्या दांड्यावर बसवलेल्या योकच्या गुळगुळीत मानेवर ऑईल सीलची पातळ कड टेकलेली असते. आतलं ऑईल आत आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवायची जबाबदारी त्या एका कडेची. शिरगावची धूळ आणि ही कड यांची गाठ पडली तेव्हा काय झालं, हे कळायला १९४१ पासून यावं लागतं.

त्या वर्षी अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने एमबी जीपचं उत्पादन सुरू केलं. फोर्डनेही त्याच आराखड्यावर जीपा बांधल्या आणि युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. तिचे अ‍ॅक्सल स्पायसर कंपनीचे. युनिव्हर्सल जॉइंटचं पेटंट १९०३ मध्ये घेणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरच्या नावाची ही कंपनी पुढे डाना म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या काळातली सीलं बहुतेक कातड्याची. मोटारींच्या सीलचा धंदा मुळात चामडं कमावणाऱ्यांनीच उभा केला. जर्मनीतल्या फ्रॉयडेनबर्ग या चर्मोद्योगाने १९२९ मध्ये आपलं प्रसिद्ध सील काढलं, तेही आधी कातड्याचंच, रबर नंतर आलं. कातड्याचं सील बसवण्यापूर्वी ऑईलमध्ये भिजत ठेवावं लागे. कोरडं बसवलं तर ते जळून कडक होई. पण भिजवलेलं कातडं थोड्या खडबडीत दांड्यावरही निभावून नेई. रबराला मात्र गुळगुळीत मान लागते. हा फरक नीट लक्षात ठेवावा, कारण जुन्या जीपमध्ये नवं रबरी सील घातलं तरी गळती का थांबत नाही, याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

जीप भारतात स्थायिक झाली ती महिंद्रांमुळे. १९४७ मध्ये मुंबईत सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात झाली आणि १९५० च्या दशकात ती इथेच बनू लागली. सीजे-३बीचा उंच नाकाचा सांगाडा मूळ अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाला. इथे तो नावं बदलत पुढची कित्येक वर्षं चालला. डिझेल इंजिनाची एमएम ५४० आली, कमांडर आली, मेजर आली, पण मागचा अ‍ॅक्सल जुन्याच घराण्यातला राहिला.

मुंबईत जीप बनू लागली तेव्हा गोवा मात्र पोर्तुगीजांकडे होता आणि गोव्याचं लोखंड जपानला हवं होतं. १९५१ मध्ये चौगुले कंपनी आणि जपानी कंपनी यांच्यात शिरगावच्या खाणीसाठी करार झाला. यंत्रसामग्री जपानने कर्जाऊ द्यायची आणि फेड खनिजाने करायची. युद्धात होरपळलेल्या जपानची परदेशातल्या खाणीतली ही अगदी सुरुवातीची गुंतवणूक. शिरगावात, लईराई देवीच्या या गावात, त्याआधी पहार, फावडं आणि डोक्यावरची पाटी यांवर चालणारं काम बुलडोझर आणि डंपरवर आलं. १९५४ मध्ये सेझा गोवा स्थापन झाली. धेंपो, साळगावकर या घराण्यांच्या खाणी वाढल्या. खनिज टिपरमधून नदीकाठी, तिथून बार्जमध्ये, मांडवीतून मुरगावला आणि मग परदेशी, हा मार्ग ठरून गेला. खाणीचे चढउतार, पावसात वाहून जाणारे कच्चे रस्ते आणि मागे-पुढे धावपळ करणारे सुपरवायझर यांच्यासाठी चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीला पर्याय नव्हता.

खाणीच्या निर्यातीमुळे पोर्तुगीज गोव्यात परकीय चलनाची ददात नव्हती. युरोपातल्या मोटारी सहज येत. भारताने १९५४-५५ पासून आर्थिक नाकेबंदी केली तरी मुरगाव बंदर उघडं होतं. बंद झाली ती जमिनीची वाट. पेडण्याच्या पत्रादेवी सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. पंजाबचे कर्नैलसिंग तिथे हुतात्मा झाले. पत्रादेवीच्या एका बाजूला मुंबईत बनणाऱ्या जीपांचा देश आणि दुसऱ्या बाजूला परदेशी गाड्यांचा गोवा, मध्ये बंदुका.

डिसेंबर १९६१ मध्ये ही रेषा पुसली गेली. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालचं भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड उत्तरेकडून, दोडामार्गाच्या बाजूने आली. १८ डिसेंबरच्या पहाटे माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी डिचोली, शापोरा आणि अस्नोडा इथले पूल उडवले. उडालेल्या पुलांपाशी सैन्याला पाण्यातून उतार शोधत पुढे सरकावं लागलं. युद्धाच्या इतिहासात अशा ठिकाणी तोफांची आणि पलटणींची नोंद होते. एखाद्या मेकॅनिकने तीच हकिगत वाचली तर त्याला वेगळी काळजी वाटेल: तापलेले अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेले, आता आत किती पाणी ओढलं गेलं असेल?

मुक्तीनंतर गोव्याला भारताचे आयातीचे कडक नियम लागू झाले. इथल्या परदेशी गाड्यांचे सुटे भाग आणायचे मार्ग आटले. जर्मन किंवा इटालियन गाडीचा गिअर तुटला की मालकाला लेथवाल्याकडे जाऊन नवा घडवून घ्यावा लागे, नाहीतर गाडी मांडवात उभी. जीपचं नशीब वेगळं निघालं. तिचे बरेचसे भाग मुंबईत बनतच होते. सैन्याच्या लिलावातून निघालेल्या डिस्पोजलच्या जीपाही भाग काढायला मिळत. क्राऊन-पिनियन, बेअरिंग, शिम, सील हे सारं म्हापशाच्या बाजारात नाही मिळालं तर बेळगाव-कोल्हापूरला मिळे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या लेथ आणि फाउंड्र्या तेव्हा दक्षिण महाराष्ट्राच्या शेतीयंत्रांसाठी धडधडत होत्या. गोव्यातल्या गॅरेजांनाही त्यांचा आधार झाला. जुनी जीप आजही डिचोली-पेडण्याच्या वाड्यांवर दिसते, त्यामागे तिची ताकद जितकी आहे तितकीच ही भाग मिळण्याची सोय आहे. माझ्या मते सोयच जास्त.

१९७१ च्या सुमारास गोव्याची खनिज निर्यात वर्षाला एक कोटी टनांवर गेली. २०१०-११ मध्ये ती पाच कोटी टनांच्याही वर होती. बहुतेक खनिज खाणीपासून धक्क्यापर्यंत टिपरनेच जायचं. एक टिपर दहा टन धरला तर खेपांचा हिशेब लाखांत जातो. डिचोलीच्या रस्त्यांवरची धूळ आली ती या खेपांतून, आणि डिचोलीचा गॅरेजधंदा वाढला तोही याच खेपांवर. हे गाव एके काळी पितळी समयांच्या कासारांसाठी ओळखलं जाई. आता रस्त्याच्या कडेला टिपरांचे स्प्रिंगपाटे, ब्रेकड्रम आणि उघडी हाऊसिंगं मांडलेली दिसू लागली. सरकारी आयटीआय डिचोलीत आणि पेडण्यातही आलं. पण डिफरन्शियल खोलायला मुलं शिकली ती बहुतांशी गाडीखाली उताणं झोपून, वरच्याच्या हातात पाना देत देत.

‘जीप गळत नसेल तर तिच्यात ऑईलच उरलं नाही’ असं एक वाक्य जीपवाल्यांत जगभर चालतं. या वाक्याने जितक्या गाड्यांचं वाटोळं केलं तितक्यांचं खराब रस्त्यांनीही केलं नसेल. गळती हा जीपचा स्वभाव आहे असं एकदा मानलं की कारण शोधायचं राहून जातं. सव्वा लिटरातला पाव लिटर गेला तरी क्राऊनचे दाते तापायला लागतात. आणि गळती हाऊसिंगच्या टोकाला, चाकापाशी असली तर ऑईल थेट ब्रेकच्या लायनरवर येतं. चोर्ला घाट उतरताना ड्रममध्ये ऑईल असणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायची गरज नसावी.

चांगला मेस्त्री सील बदलण्याआधी गळती कुठली ते शोधतो. हाऊसिंग रॉकेलने पुसून कोरडं करायचं, गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणायची आणि मग बॅटरी घेऊन खाली शिरायचं. मागच्या झाकणाच्या दहा बोल्टांपैकी एखाद्याजवळ ओल असेल तर दोष गॅस्केटचा. त्याचं काम सोपं. जाड कागद झाकणावर ठेवून हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने हलकं ठोकत गेलं की धारेवर कागद कापला जातो आणि भोकं आपोआप उमटतात. असं गॅस्केट करताना पाहणं हा मोठा आनंद आहे. कात्री नाही, मोजपट्टी नाही, पाच मिनिटांत कागदाला हाऊसिंगचा आकार.

ओल पुढच्या तोंडाशी, पिनियनजवळ असेल तर काम वाढतं. आधी ऑईल भरायचं बूच सैल करून पाहायचं, मगच खालचं बूच काढायचं. वरचं बूच गंजून अडकलेलं निघालं आणि ऑईल आधीच सोडून दिलेलं असलं तर गाडी तिथेच पडते. निघालेल्या ऑईलचा थेंब दोन बोटांत चोळून बघतात. चांदीसारखी चमक दिसली तर बेअरिंग किंवा दाते झिजतायत. रंग दुधाळ कॉफीसारखा असेल तर आत पाणी आहे. मग प्रॉपेलर शाफ्ट सोडवायचा, नटावर आणि पिनियनच्या टोकावर पंचाने खूण करायची, कॉटर पिन ओढून काढायची आणि योकला लांब दांडा अडकवून नट फिरवायचा. या जुन्या अ‍ॅक्सलात पिनियनच्या बेअरिंगचा ताण पातळ शिमांवर ठरतो, म्हणून नट काढून पुन्हा तितकाच घट्ट करता येतो. पुढच्या पिढीतल्या कित्येक गाड्यांत तिथे दबून बसणारी नळी असते. तिथे अशी उघडझाक अंदाजाने केली तर बेअरिंग जातं.

योक हातात आला की खरा गुन्हेगार सापडतो. सीलची कड जिथे टेकते तिथे मानेवर अंगठ्याचं नख फिरवायचं. नख अडकलं की चर आहे. तो चर रबराने पाडलेला नसतो. रबराच्या कडेत रुतून बसलेल्या लाल धुळीने, मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पोलादावर, वर्षानुवर्षं पाडलेला असतो. अशा मानेवर नवं सील घातलं की महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा ओल येते. गिऱ्हाईक म्हणतं, सील डुप्लिकेट लागलं. दोष सीलवर ढकलला जातो, चर तसाच राहतो. पाश्चात्य देशांत यासाठी पातळ स्टीलची तयार बाही मिळते, ती मानेवर ठोकून बसवली की नवा गुळगुळीत पृष्ठभाग तयार. लेथवाल्यांनी आपल्याकडे जुना उपाय चालवला: चर वेल्डिंगने भरायचा, मान पुन्हा खरादायची आणि पॉलिश करायची. त्याहून सोपी युक्ती म्हणजे नवं सील दोन मिलिमीटर अलीकडे बसवायचं, म्हणजे कड न झिजलेल्या पट्ट्यावर टेकते. ऑईलमध्ये ग्रीस कालवून गळती दाबणारेही आहेत. तो उपाय मुळीच करू नये. ग्रीस भिंतींना चिकटून राहतं आणि बेअरिंग कोरडी पडतात.

आणि एवढं सगळं करूनही एक गोष्ट राहून गेली तर मेहनत वाया. अ‍ॅक्सलच्या नळीवर हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यावर टोपी. बोटाच्या पेराएवढी ही वस्तू लाल चिखलाने बुजलेली असते. हाऊसिंगमधली हवा तीस अंशांवरून ऐंशीवर तापली की सुमारे एक षष्ठांशाने फुगते. बाहेर जायला वाट नसली तर ती ऑईलला सीलच्या कडेतून ढकलते. सील नवं असो की जुनं, दाब आपली वाट काढतोच. एक तार आणि थोडं रॉकेल एवढ्यात ते भोक मोकळं होतं. निदान काही गळत्यांवर हाच पूर्ण इलाज असतो, आणि त्याचे पैसे मागायला प्रामाणिक मेस्त्री संकोचतो.

पेडण्याची कथा निराळी. पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या नव्या काबिजादीतला हा तालुका तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमध्ये पसरला आहे. इथे खनिजाची धूळ डिचोलीसारखी नाही, पण चिऱ्यांच्या खाणी आहेत, काजूचे डोंगर आहेत, आगरवाड्याची मिठागरं आहेत आणि मोरजी-हरमल-केरीची किनारपट्टी. चोपड्याहून शिवोलीला जायचं तर पूल होईपर्यंत फेरीबोटीचीच वाट. मीठ आणि ओल यांनी इथल्या जीपा खाल्ल्या. योकच्या मानेवर इथे चर कमी, गंजाचे बारीक खड्डे जास्त. उभ्या गाडीत ते लवकर पडतात, कारण कड एकाच जागी टेकून राहते आणि तिच्या शेजारी ओलावा साठतो. किनाऱ्यावर गाडी नेण्यावर आता बंदी आहे, आणि मोरजीच्या कासवांसाठी ती हवीच होती. पण काजूच्या दिवसांत डोंगरावरून बोंडू आणि काजूचं मद्य हुर्राक उतरवायला जुनी फोर-बाय-फोर अजून चालते.

डिचोलीत उभ्या गाड्यांचा काळ वेगळ्या कारणाने आला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मधे काही वर्षं काम चाललं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवले. टिपर अंगणांत, माळांवर, रस्त्याकडेला रांगेने उभे राहिले. मालकांसाठी सरकारला मदतीच्या योजना आणाव्या लागल्या. टिपरांबरोबर गॅरेजंही थंडावली. पाने देत देत शिकणारी पोरं किनाऱ्यावरच्या हॉटेलांकडे आणि पुढे मोपाच्या विमानतळाकडे वळली तर त्यांना बोल लावता येणार नाही. पण त्यांच्याबरोबर नखाने चर ओळखायची सवय गेली, आणि ती आयटीआयच्या पुस्तकात छापलेली नसते. चालत्या गाडीचं सील झिजतं, उभ्या गाडीचं वाळून तडकतं. खाणबंदीनंतर लिलावातून गेलेली डिचोलीची खाण एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

जुन्या जीपांना आता दुसरीकडे गिऱ्हाईक आहे. कुळ्याहून दूधसागर धबधब्याच्या पायथ्याशी पर्यटकांना नेणाऱ्या जीपा वाटेत ओढ्यांच्या पाण्यात उतरतात. चढावर तापलेलं हाऊसिंग पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढते. म्हणूनच तिथे हवेच्या भोकाला रबरी नळी जोडून तिचं टोक वर, चॅसिसच्या उंचीला बांधायची पद्धत उपयोगी पडते. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. तो साधारण ऑक्टोबरात उघडतो. त्याआधीच्या दिवसांत डिफरन्शियलचं झाकण उघडलं आणि आत दुधाळ कॉफीचा रंग दिसला, तर ऑईल काढून टाकायचं, डिझेलने हाऊसिंग धुवायचं, बेअरिंग हाताने फिरवून खरखर लागते का पाहायचं आणि सील बदलताना योकच्या मानेवर नख फिरवायला विसरायचं नाही.